सासूबाईंना उरलेला शब्द

माझ्या सासऱ्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. आता विचारतंय कोण म्हणा, पण सवय ती सवय. ठाण्याहून लग्न होऊन कल्याणला आले तेव्हा आईनं पढवूनच पाठवलं होतं. सासऱ्यांना मामंजी म्हणायचं, सासूबाईंना आई, नवऱ्याला 'अहो', आणि नाव कुणाचंच घ्यायचं नाही. मामंजींचं नाव एका देवाचं होतं, रोजच्या पूजेतल्या देवाचं, एवढं सांगते. त्यामुळे सासूबाईंची फार पंचाईत व्हायची. स्तोत्रात, आरतीत ते नाव जवळ आलं की त्या खोकायच्या, नाहीतर घंटा जोरजोरात वाजवायच्या. नवऱ्याचं नाव बायकोनं घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. मी जात्याच फटकळ. एकदा म्हटलं, "आई, देवाचंच नाव ना ते? मग देव काय मामंजींचं आयुष्य कापत बसणारेय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं उठून भांडी घासायला गेले.

घरात आम्ही पाच माणसं. मामंजी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, आमचे हे एका भातगिरणीत हिशेब लिहायचे. सासूबाई, मी आणि मामंजींच्या थोरल्या बहीण, अक्का. अक्का बालविधवा. सगळा जन्म भावाच्या घरी काढलेला. भावावर त्यांचा जीव होता, आणि जीव म्हणजे कसा, तर तो जेवत असला की ह्या त्याच्या घासांकडे बघत बसायच्या. वाईट नव्हत्या हो. पण भाऊ गेला तर आपलं काय, ही धास्ती त्यांच्या पोटात कायमची होती आणि ती घरात सगळ्यांना पुरून उरायची.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. दिवाळी नुकतीच उरकली होती. दुपारची वेळ, मामंजी कामावरून जेवायला आले होते आणि हात धुऊन ओसरीवर बसले होते. सासूबाई खिडकीशी तांदूळ पाखडत होत्या. सूप एकदम उजव्या हातातून निसटलं आणि तांदूळ घरभर झाले. मला वाटलं, हात सटकला असेल. बघते तर त्या भिंतीवर कलंडल्या होत्या आणि तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. "आई! अहो आई, काय होतंय?" मी त्यांना धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मामंजींचं नाव घेतलं.

स्पष्ट घेतलं. खणखणीत आवाजात. बाहेर ओसरीवर मामंजी दचकून उठले. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी ते त्या तोंडून लग्नाकार्यातल्या उखाण्यापलीकडे कधी ऐकलं नसणार. अक्का वाती वळत होत्या, त्या धावत आल्या आणि दारातच थिजल्या. भावजय अर्धी जमिनीवर पडलीय हे त्यांना दिसलंच नाही. "काय म्हणाली ही?" त्यांनी मला विचारलं. तेवढ्यात सासूबाईंनी पुन्हा तेच म्हटलं, आणि पुन्हा. आपल्या तोंडातून काय निघतंय ते त्यांना कळत होतं. ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि त्या डोळ्यांची मला खरंच भीती वाटली.

डॉक्टर आले. गावातलेच, उतारवयाचे, आधी टोपी काढून खुंटीला लावायचे आणि मगच नाडी हातात घ्यायचे. अर्धांगाचा झटका आहे म्हणाले. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला होता. मग त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "डोळे मिटा." मिटले. "जीभ दाखवा." दाखवली. खिशातला पेन्सिलीचा तुकडा काढून विचारलं, "हे काय आहे?" सासूबाईंनी मामंजींचं नाव घेतलं. आमच्या ह्यांच्याकडे बोट करून विचारलं, "हे कोण?" पुन्हा तेच. पोटच्या मुलाला नवऱ्याच्या नावानं हाक मारली बाईनं! आणि लगेच मान हलवायला लागल्या, नाही, नाही, तसं नाही, आणि ते सांगण्यासाठीही तोंडातून बाहेर पडलं ते नावच.

"हे बाहेरचं आहे," अक्का म्हणाल्या. "माझ्या भावाच्या मुळावर आलेलं काहीतरी तिच्या तोंडून बोलतंय."

"बाहेरचं काही नाही, आतलंच आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी स्वतःच्या डाव्या कानशिलावर बोट टेकवलं. "बोलण्याची जागा इथं असते. डोक्याची डावी बाजू उजवं अंग चालवते, म्हणून हात गेला आणि त्याच्याबरोबर वाचाही गेली. ऐकलेलं त्यांना कळतंय. सांगायचं काय तेही मनात तयार आहे. पण शब्द उचलायला जातात तेव्हा दरवेळी हाताला हाच लागतोय."

"पण हाच का?" मी विचारलं. "जो शब्द त्यांनी जन्मभर टाळला, तोच कसा उरला?"

डॉक्टरांनी टोपी घातली. "ते मला सांगता येणार नाही. कुणाचं काय उरेल त्याचा नेम नसतो. एकाच्या तोंडी नुसती शिवी उरलेली मी पाहिलीय, देवभोळा माणूस होता." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू बोलकी दिसतेस. त्यांच्याशी सारखी बोल. त्यांना म्हणायला लाव. जे परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येतं, नंतर येत नाही. आणि त्यांना गप्प करू देऊ नकोस कुणाला. त्या एका शब्दाला धरूनच बाकीचे आले तर येतील."

त्या 'का'चा विचार मी पुढं पुष्कळ वर्षं केला. मला वाटतं ते असं. एखादा शब्द टाळायचा म्हटलं तरी आधी तो मनात यावा लागतो. आरतीत घंटा नेमक्या वेळी वाजवायची तर ते नाव जिभेच्या टोकापर्यंत आणूनच परतवावं लागतं. सासूबाईंनी ते दिवसातून कितीदा तरी मनात घेतलं असेल आणि गिळलं असेल. मीठ, पाणी, तांदूळ हे शब्द आपण वापरतो आणि विसरतो. ह्या शब्दावर मात्र बाईनं अख्खा जन्म पहारा दिला होता. डॉक्टरांना मी हे कधी सांगितलं नाही, ते हसले असते.

घरात तेव्हापासून तो शब्द सुरू झाला. पहाटे पाणी हवं, तो शब्द. कूस बदलायची, तो शब्द. डाळ करपतेय, वास येतोय, तरी तोच. पण सूर वेगळे असायचे. त्या एका शब्दात त्या रागावायच्या, विनवायच्या, मला हळूच विचारायच्या, 'जेवलीस का?' मी सुरावरून ओळखायला शिकले आणि नव्वद टक्के बरोबर ओळखायचे. भाजीवाली आगरीण दारात टोपली उतरवून म्हणाली, "कोनाला हाक मारतंय गो म्हातारी?" मी म्हटलं, "तुझ्या वांग्यांना." ती हसली, पण टोपली उचलून जरा लांब सरकली.

मामंजी मात्र ओ द्यायचे. हे मी कधी विसरणार नाही. त्यांना हाक नव्हती ती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी आतून नाव ऐकू आलं की ओसरीवरून त्यांची "ओ" यायची, वर्तमानपत्र खाली न ठेवता. पहिल्या दिवसांत कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या त्यांच्या. मला तर वाटतं त्यांना ते आवडत होतं. इतक्या वर्षांनी बायकोनं नावानं बोलावावं, कुणाला आवडणार नाही?

आणि प्रत्येक 'ओ'नंतर घरात एक बारीक आवाज यायचा, टक्. अक्कांच्या जपमाळेचा. सासूबाई एकदा बोलल्या की अक्का मृत्युंजयाचा जप करून मणी पुढं ढकलायच्या. जेवढं ती तोडते तेवढं मी जोडते, म्हणायच्या. नाव, ओ, टक्. नाव, ओ, टक्. मी पोळ्या लाटताना ते ऐकायची आणि माझ्या मानेवर काटा यायचा. अक्का माळ घेऊन दाराच्या त्या बाजूला बसायच्या जिथून सासूबाईंना त्या पुऱ्या दिसत. मुद्दाम बसायच्या की काय, देव जाणे.

शेजारणी येईनाशा झाल्या. समोरच्या घरात त्याच मार्गशीर्षात लग्न होऊन आलेली मुलगी होती. पाण्याला आमच्या दारावरून जायची, तर कानात पदराचे बोळे घालून जायची. ऐकलं तरी पाप लागतं, असं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं. मी तिला अडवून म्हटलं, "अगं बाई, अर्धांगवायू आहे, खरूज नाही, लागत नाही तुला." पण ती पुढच्या दिवसापासून दुसऱ्या विहिरीवर जायला लागली.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. बोलावणं टाळता येईना, म्हणून चार जणी आल्या, भिंतीला चिकटून बसल्या. सासूबाईंना मी लोडाला टेकवून बसवलं होतं, नवं लुगडं नेसवलं होतं. त्यांना बायका आल्याचा इतका आनंद झाला, इतका आनंद, की त्यांनी डावा हात पुढं करून सगळ्यांना 'या, बसा' म्हटलं. म्हणजे नाव घेतलं. अक्कांचा हात माळेकडे गेला. मला काय सुचलं कुणास ठाऊक, पुन्हा त्यांचं तोंड उघडतंय असं दिसल्याबरोबर मी ओरडले, "खाडीला आली भरती, समईत तेवती वाती..."

सासूबाईंनी नाव घेतलं.

"...यांचं नाव घेते देवापुढती!" मी शेवट केला.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि एकदम हसल्या. "अगं बाई, उखाणा घेतला की हो!" उखाण्यात घेतलेलं नाव चालतं. नुसतं चालतं एवढंच नाही, त्यानं नवऱ्याचं आयुष्य वाढतं, म्हणून तर सवाष्णी घेतात. मी अक्कांकडे बघितलं. "काय अक्का, आता मणी ढकलायचा की मागं घ्यायचा?" सासूबाई हसत होत्या, वाकड्या तोंडानं, पण खदखदून. झटक्यानंतर पहिल्यांदा.

मग मी तो धंदाच सुरू केला. त्यांनी नाव घेतलं की मी पुढंमागं यमक जोडून टाकायचे. घाईत कसलेही उखाणे व्हायचे, शेणगोळ्यांपासून ते मालगाडीपर्यंत. मामंजी ओसरीवरून म्हणायचे, "सूनबाई, आज मला फार स्वस्तात विकलंस." आमचे हे गिरणीतून आले की विचारायचे, आज नवीन काय. अक्कांची माळ कमी वाजू लागली.

आणि एक दिवस मोठी गंमत झाली. मी भात कालवून भरवत होते आणि सवयीनं म्हणत होते, "सोनुलीला लावली काजळाची तीट, ताटात वाढलं चिमूटभर..." पुढं घास द्यायला थांबले, तर सासूबाई म्हणाल्या, "मीठ."

मी घास तसाच हातात धरून बसले. म्हटलं, भास झाला. पुन्हा म्हटलं तेच. पुन्हा, "मीठ." मी मिठाची चिमूट दाखवून विचारलं, हे काय? तर पुन्हा मामंजींचं नाव. पण उखाण्यातून घसरत आणलं की मीठ! दोन दिवसांनी मी रचलं, "दळण झालं, कांडण झालं, म्हटली चार गाणी, कळशी भरून आणलं विहिरीचं..." आणि त्यांनी "पाणी" म्हटलं.

डॉक्टरांना मी ओरडूनच सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले आणि मला सगळे उखाणे म्हणायला लावले. "ठरवून बोलणं वेगळं असतं आणि आपोआप येणारं वेगळं," ते म्हणाले. "पाढे, गाणी, शिव्या, देवाची नावं, ही त्या मोडक्या जागेला वळसा घालून येतात. मूलसुद्धा अर्थ कळायच्या आधी ठेका धरतं. आता असंच चालू ठेव. त्याच शब्दावर रोज ये, आधी उखाण्यातून आण, मग हळूहळू उखाणा काढून घे. वाट वापरात राहिली पाहिजे, नाहीतर बुजेल. पावसाळ्याच्या आत जेवढं येईल तेवढं आपलं." मी त्या दिवसांत दुसरं काही केलं नाही. मीठ आलं, पाणी आलं, बी आणि दिवा आला. 'मीठ' तर पुढं पुढं उखाण्याशिवायही कधी कधी यायचं.

होळीच्या सुमाराला मामंजींना ताप आला.

पहिले दोन-तीन दिवस अंगदुखी म्हणून काढले. मग ताप उतरेचना. जीभ पांढरी झाली, पोट फुगलं, माणूस ओळखेना. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर. त्या काळी विषमज्वर म्हटलं की पाचावर धारण बसायची, आमच्या आळीत त्याच सालात दोन घरं त्यानं बसवली होती. अक्कांनी देव पाण्यात ठेवले. तांब्याच्या घंगाळात सगळे देव बुडवले आणि त्याच्यासमोर न जेवता बसल्या. त्या पाण्याखालच्या देवांकडे बघवायचं नाही मला. ज्याची आम्ही रोज पूजा करायचो, मामंजींच्या नावाचा, तोही खाली तळाशी आडवा पडला होता.

मामंजींना पुढच्या खोलीत ठेवलं होतं, सासूबाई आतल्या. त्यांना उठता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. डॉक्टरांचा आवाज, अक्कांचं रडणं. आणि त्या नाव घ्यायला लागल्या. आता मात्र ती खरी हाक होती. मिठाला नाही, पाण्याला नाही, त्यांनाच मारलेली. घाबरलेली, न थांबणारी. मी यमक जोडायला गेले तर शब्दच फुटेना. कुठून सुचणार? बाहेरून 'ओ' येत नव्हती. जेवढी 'ओ' येत नव्हती तेवढ्या त्या जास्त ओरडायच्या. प्रत्येक हाकेला बाहेर मामंजी अंथरुणात दचकायचे.

मग ते तापातच बोलले. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "तिला गप्प करा," ते म्हणाले. "बोलावतेय ती मला. गप्प करा तिला कुणीतरी."

तापात होते ते. शुद्धीत नव्हते. हे मी तेव्हाही ओरडून सांगितलं आणि आजही सांगते. पण अक्का उठल्या, आत आल्या आणि सासूबाईंच्या समोर उभ्या राहिल्या. "ऐकलंस? तूच खातेयस त्याला. एकेका हाकेला एकेक दिवस खातेयस."

"अक्का!" मी मध्ये पडले. "त्यांना कळतं सगळं! हातचं नाही त्यांच्या ते, आजार आहे!"

"कळतं ना?" अक्कांचा आवाज अगदी थंड झाला. "मग कळतंय तर गप्प का बसत नाही?"

सासूबाईंनी अक्कांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचं तोंड उघडलं, आणि तो शब्द यायच्या आत त्यांनी डाव्या हातानं पदर ओढून तोंडात कोंबला.

त्या दिवसानंतर त्या बोलल्या नाहीत. कुणी बांधून ठेवलं नव्हतं त्यांना, कुणी मारलं नव्हतं. शब्द वर यायचा, दिसायचा मला, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि त्या पदर चावायच्या. पदर दूर केला तर खालचा ओठ. ओठावर रक्ताच्या खपल्या धरल्या. तहान लागली तरी तोंड उघडेनात. मी "कळशी भरून आणलं विहिरीचं..." म्हटलं की तोंड भिंतीकडे फिरवायच्या. बरोबर होतं त्यांचं. पाणी म्हणायला गेलं आणि चुकून ते नाव आलं तर? त्या नवऱ्याच्या जिवाची जोखीम कशी घेणार? मी पाया पडले, रागावले, रडले. म्हटलं, "आई, असं करू नका हो, वेळ निघून चाललीय." त्या नुसत्या मान हलवायच्या.

डॉक्टरांनी मुंबईहून कॅप्सुला आणवल्या होत्या. विषमज्वरावरचं नवीनच निघालेलं औषध, तेव्हा फार कुणाला मिळायचंही नाही. आमच्या ह्यांनी कुणाकुणाच्या ओळखी काढून ते मिळवलं. त्यानंतर ताप उतरायला लागला आणि उतरतच गेला. मामंजी उठून बसले, त्यांनी पेज मागितली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, दुसरं काय? पण आळीत कुणी कॅप्सुलांचं नाव काढलं नाही. जिनं जीभ आवरली तिनं नवरा वाचवला, असं झालं. अक्कांनी देव पाण्यातून काढून पुसले आणि देवाला दाखवावा तसा पहिला नैवेद्य सासूबाईंपुढं आणून ठेवला. खरंच पाया पडल्या त्यांच्या. मला तेव्हा असा संताप आला की ते ताट भिरकावून द्यावंसं वाटलं.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरून गेलं. जी कानात बोळे घालायची ती समोरची मुलगीसुद्धा आली. सासूबाईंच्या पायाला हात लावून लावून बायका पुढं सरकत होत्या, आंब्याची डाळ आणि पन्हं घेत होत्या. मग एक जण म्हणाली, "आता उखाणा होऊ दे. आता काय भीती?" अक्काही म्हणाल्या, "हो हो, घे गं, उखाण्यात चालतं." मला वाटलं, चला, निदान एवढ्यानं तरी कुलूप उघडेल. मी म्हटलं, "खाडीला आली भरती, समईत तेवती वाती..."

सासूबाईंनी तोंड उघडलं. ह्या वेळी पदर नव्हता, ओठ चावला नव्हता. त्यांना म्हणायचं होतं, शपथेवर सांगते, त्यांना म्हणायचं होतं. जीभ हलली, गळा हलला. काहीच आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. बायका इकडेतिकडे बघायला लागल्या. सासूबाईंच्या तोंडातून नुसता श्वास येत होता. मी घाईनं "ताटात वाढलं चिमूटभर..." म्हटलं, तेही गेलं होतं. पाणी गेलं होतं. सगळं गेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, मध्येच आणखी एक बारीकसा झटका येऊन गेला असेल, आपल्याला कळला नसेल. किंवा न बोलून वाट बुजली असेल. नक्की त्यांना सांगता येईना. आता येईल का, विचारलं तर त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली.

मामंजींना तापातलं काही आठवत नव्हतं. आठवू नये असंच मला वाटत होतं, पण त्यांनी आमच्या ह्यांना खोदून खोदून विचारलं आणि ह्यांना खोटं बोलता येत नसे. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आले आणि पाय न धुता सरळ आत गेले.

मग रोज तेच. दिवेलागणीला ते त्यांच्यासमोर पाट घेऊन बसायचे आणि बाळाला शिकवावं तसं स्वतःचं नाव स्वतःच म्हणायचे. अक्षर अक्षर सुटं करून, ओठ मोठे करून. "म्हण. माझ्याकडे बघून म्हण. मी ओ देतो बघ." सासूबाई त्यांच्या ओठांकडे बघत राहायच्या. प्रत्येक वेळी ते नाव ऐकलं की त्यांच्या अंगावरून शहारा जायचा, तो मला दारातून दिसायचा. आपलंच नाव घेऊन घेऊन मामंजींचा घसा बसायचा, तरी ते थांबायचे नाहीत.

एका संध्याकाळी त्यांना रडू आवरेना. "अगं, माझंच आयुष्य ना?" ते म्हणाले. "मी देतो तुला. लागेल तेवढं घे, पण एकदा बोल." आणि रडत रडत त्यांनी पुन्हा नाव घेतलं, मोठ्यानं.

सासूबाई मोठ्या कष्टानं पुढं झुकल्या. डावा हात उचलून त्यांनी तळवा मामंजींच्या तोंडावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला, आणि मान हलवत राहिल्या, नाही, नाही, नाही.